सायगॉनमधला शिवा काशीद

मंडळाच्या शिवजयंतीच्या कार्यक्रमात काही वर्षांपूर्वी मी एक भाषण केलं होतं. अनेकांना ते आठवत असेल, कारण त्या भाषणाला टाळ्या भरपूर पडल्या होत्या. टाळ्यांचं कारण माझं वक्तृत्व नव्हतं, त्यातली गोष्ट होती. अमेरिकेसारख्या महासत्तेला इवल्याशा व्हिएतनामने हरवलं ते शिवाजी महाराजांचं चरित्र वाचून, गनिमी कावा शिकून, हो चि मिन्हच्या समाधीवर "शिवाजी महाराजांचा एक मावळा" अशा अर्थाची ओळ कोरलेली आहे, व्हिएतनामचे परराष्ट्रमंत्री दिल्लीला आले तेव्हा त्यांनी लाल किल्ला पाहून झाल्यावर "शिवाजी महाराजांची समाधी कुठे आहे?" असं विचारलं आणि रायगडावरची माती कपाळाला लावून बॅगेत भरून नेली. ही गोष्ट तुम्हालाही कुणीतरी पाठवली असेल. आधी ती ई-मेलने यायची, आता फोनवर येते. एका आवृत्तीत मंत्री पुरुष असतात, दुसरीत बाई असतात. मला त्यात कधी शंका आली नाही. परदेशात राहणाऱ्या माणसाला अशी गोष्ट औषधासारखी लागते, आणि औषधाची बाटली उलटून मागचं लेबल कोण वाचतो?

ते लेबल वाचायला लावलं माझ्या व्हिएतनामी मित्राने.

आम्ही सॅन होजेला एकाच कंपनीत कामाला. व्हिएतनामबाहेर कुठल्याही एका शहरात नसतील इतके व्हिएतनामी लोक सॅन होजेत राहतात. स्टोरी रोडवर गेलात तर पाट्या त्यांच्या, दुकानं त्यांची, कॉफीही त्यांची. वीस वर्षं आम्ही रोज एका टेबलावर डबा खातो. मी त्याला साबुदाण्याची खिचडी खायला शिकवली आणि त्याने मला माशाच्या सॉसचा वास सहन करायला शिकवलं. त्या भाषणानंतरच्या सोमवारी मी मोठ्या उत्साहाने त्याला ही गोष्ट सांगितली. त्याला अभिमान वाटेल अशी माझी कल्पना होती. तो खाता खाता थांबला. मग शांतपणे म्हणाला, "माझे वडील दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यात कॅप्टन होते. सायगॉन पडल्यावर सहा वर्षं त्यांनी छावणीत काढली. तुझ्या राजाच्या नावाने तू नेमकं कुणाचं अभिनंदन करतो आहेस?"

माझा घास घशातच अडकला. १९९९ साली ऑरेंज काउंटीत वेस्टमिन्स्टरच्या एका दुकानदाराने हो चि मिन्हचं चित्र दुकानात लावलं, तेव्हा हजारो व्हिएतनामी माणसं जवळजवळ दोन महिने त्या दुकानासमोर निदर्शनं करीत होती. हे मी बातम्यांत पाहिलेलं होतं. तरी ते "व्हिएतनाम" आणि माझ्या भाषणातलं "व्हिएतनाम" यांची सांगड मी कधी घातली नव्हती. मित्र रागावला नाही. निघताना एवढंच म्हणाला, "एकदा चल माझ्या घरी. तिकडच्या."

ते "एकदा" २०२५ च्या मार्च महिन्यात आलं. त्याच्या वडिलांचं २०१९ साली सॅन होजेतच निधन झालं होतं. त्यांची पुण्यतिथी सायगॉनमध्ये त्यांच्या धाकट्या बहिणीच्या घरी करायची होती. पुण्यतिथीला ते लोक "यो" म्हणतात, आणि ती पाळतात चांद्र महिन्याच्या तिथीने, अगदी आपल्यासारखी. सौ.ने साफ नकार दिला ("मी तिकडे खाऊ काय?"), म्हणून मी एकटाच गेलो. तिला नंतर सांगितलं की तिकडे "चाय" मागितला तर चहा येत नाही, शुद्ध शाकाहारी जेवण येतं! चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी कित्येक घरांत "चाय"च असतो. तिचा अजून विश्वास बसलेला नाही.

शहराचं अधिकृत नाव १९७६ पासून हो चि मिन्ह सिटी. पण तिथे राहणारेही बोलताना सायगॉनच म्हणतात, आणि त्यासाठी कुणी त्यांना देशद्रोही ठरवत नाही. मावशींचं घर एका गल्लीत आहे. (त्या नात्याने मित्राच्या आत्या, पण पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून "मावशी" निघालं आणि तेच राहिलं.) तिथल्या गल्लीला "हेम" म्हणतात. हेममधून आणखी एक हेम फुटते, तिच्यातून तिसरी, आणि घराच्या पत्त्यात आकड्यांमागून तिरप्या रेघा येत जातात. ज्याने गिरगावात किंवा सदाशिव पेठेत बालपण काढलंय त्याला काही समजावून सांगायला नको. घरं अरुंद आणि खोल, एकेका खोलीवर चढत गेलेली. सकाळी पाचला गल्ली जागी होते. कोपऱ्यावर एक बाई मोठ्या पातेल्यात फोचं पाणी उकळत ठेवते. गुडघ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर म्हातारे बसतात, समोर पेल्यावर ठेवलेल्या पत्र्याच्या फिल्टरमधून कॉफी थेंब थेंब गळत असते आणि कुणालाही कसलीही घाई नसते. दुपारी तीच गल्ली झोपते. दुकानदार दुकानात, भाडं मिळेना म्हणून थांबलेला मोटरसायकलवाला मोटरसायकलवरच आडवा. हा समतोल मला कधी साधला नसता.

रस्ता ओलांडणं हा स्वतंत्र विषय आहे. लाखो स्कूटरी, आणि त्या थांबत नाहीत. मित्राने पहिल्या दिवशी धडा दिला: "पाऊल टाक, हळू चाल, एका गतीने चाल, आणि देवाची शपथ आहे, मध्येच थांबू नकोस." थांबलात तर त्यांचा अंदाज चुकतो. तुम्ही चालत राहिलात तर तो सगळा लोंढा तुमच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारखा निघून जातो. त्या वर्षाच्या जानेवारीपासून सिग्नल तोडण्याचा दंड कितीतरी पटींनी वाढला होता. मावशींचा नातू म्हणाला की आता निदान लाल दिव्याला लोक थांबतात, आणि फुटपाथवरून स्कूटर नेताना दोनदा विचार करतात. २२ डिसेंबर २०२४ ला शहराची पहिली मेट्रो सुरू झाली, बेन थान्ह बाजारापासून सुओइ तिएनपर्यंत १९.७ किलोमीटर आणि १४ स्टेशनं. मावशींनी आम्हाला हौसेने त्यातून फिरवून आणलं. गाडीतल्या निम्म्या लोकांना कुठे जायचं नव्हतंच, ते मेट्रो बघायला आले होते. पुण्याची मेट्रो सुरू झाल्यावर आमच्या घरच्यांनीही हेच केलं होतं!

आता मूळ विषयाकडे येतो. मी एका हेतूने गेलो होतो, हे कबूल करतो. मला ती शिवाजी महाराजांची गोष्ट निदान थोडी तरी खरी निघायला हवी होती.

ती निघाली नाही. हनोईला बा दिन्ह चौकात हो चि मिन्हचं स्मारक आहे, ते १९७५ साली खुलं झालं. त्याच्या दर्शनी भागावर फक्त "अध्यक्ष हो चि मिन्ह" एवढीच अक्षरं आहेत. खरं तर आपलं दहन करावं आणि रक्षा देशाच्या तिन्ही भागांत टेकड्यांवर पुरावी, असं त्याने इच्छापत्रात लिहून ठेवलं होतं. त्याच्या अनुयायांनी तेसुद्धा ऐकलं नाही. भारताशी त्याचा संबंध होता, पण तो वेगळा. नेहरू १९५४ च्या ऑक्टोबरात हनोईला त्याला भेटले, आणि तो स्वतः १९५८ च्या फेब्रुवारीत भारतात आला. कोलकात्याच्या हॅरिंग्टन स्ट्रीटला त्याचं नाव दिलं गेलं, आणि अमेरिकेची वकिलात नेमकी त्याच रस्त्यावर! हे सगळं खरं आहे. रायगडची माती यात कुठेही नाही.

आणि त्यांना गनिमी कावा बाहेरून आणण्याची गरजही नव्हती. हे मला सायगॉनच्या रस्त्यांनी शिकवलं. त्या शहरात इतिहास पुस्तकात कमी आणि रस्त्यांच्या पाट्यांवर जास्त आहे. फ्रेंचांचा जो र्‍यू कातिना होता तो फ्रेंच गेल्यावर "स्वातंत्र्य" मार्ग झाला, आणि १९७५ नंतर दोंग खोइ, म्हणजे "सार्वत्रिक उठाव" मार्ग. "न्याय" नावाचा रस्ता होता, तो "दक्षिणेचा उठाव" झाला. उठावाने न्यायही गेला आणि स्वातंत्र्यही गेलं, असा विनोद त्या काळी लोक कुजबुजत करीत. पण काही पाट्या दोन्ही राजवटींनी हलवल्या नाहीत. नदीकाठी त्रान हुंग दाओचा पुतळा आहे, नदीकडे बोट दाखवणारा. १२८८ साली बाक दांग नदीच्या पात्रात त्याने लोखंडी टोकांचे खुंट पुरून ठेवले, भरतीच्या वेळी मंगोल आरमाराला आत ओढलं आणि ओहोटीला त्यांची जहाजं त्या खुंटांवर फाडली. हा पुतळा १९६७ साली दक्षिणेच्या नौदलाने उभारला. कम्युनिस्ट आले, त्यांनी तो तसाच ठेवला. शहरातला सगळ्यात रुंद पादचारी रस्ता न्गुयेन ह्वेच्या नावाचा आहे. तोच सम्राट क्वांग त्रुंग. १७८९ साली चिनी फौज हनोईत ऐन नववर्षाचा सण साजरा करीत होती. याने आपल्या सैनिकांना सण आधीच साजरा करून घ्यायला लावलं आणि सणातच चिन्यांवर घाला घातला. हे ऐकताना मला १६६३ च्या रमजानातला लाल महाल आठवला नसता तरच नवल. १९६८ साली त्याच सणात अमेरिकनांवर जो हल्ला झाला, तो योजणाऱ्यांनी शाळेत क्वांग त्रुंगच वाचलेला होता. जनरल व्हो न्गुयेन ज्याप तर सेनापती होण्याआधी इतिहासाचा शिक्षक होता.

एका दुपारी आम्ही बेन थान्ह बाजाराशी उभे होतो. मावशी त्यांच्या नेहमीच्या देवळात निघाल्या होत्या, आणि ते देऊळ निघालं मारिअम्मनचं! तमिळ चेट्टी सावकारांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं. चेट्टी बहुतेक १९७५ नंतर निघून गेले, देवी राहिली. आता तिथे नवस बोलायला येतात ते मुख्यतः व्हिएतनामी, मागच्या दगडी भिंतीला कपाळ टेकवून देवीच्या कानात सांगतात. मावशींनी माझ्याकडून एक उदबत्ती लावून घेतली आणि "तुझीच देवी, तुला काय शिकवायचं" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या. मी घंटा शोधत होतो.

परत येताना समोर एक लांबट बाग लागली. तिचं नाव "२३ सप्टेंबर". मी सहज विचारलं, ही कसली तारीख? मित्राने सांगितलं आणि मी गप्प झालो. १९४५ च्या सप्टेंबरात जपान्यांना निःशस्त्र करायला दोस्तांची फौज सायगॉनला आली. ती होती जनरल ग्रेसीची विसावी हिंदी डिव्हिजन. २३ सप्टेंबरला तिच्या आधाराने फ्रेंचांनी शहराच्या कचेऱ्या पुन्हा ताब्यात घेतल्या आणि तिथून दक्षिणेचा प्रतिकार सुरू झाला. पुढचे काही महिने व्हिएत मिन्हचे गनिमी हल्ले झेलले ते पंजाब, डोग्रा, हैदराबाद रेजिमेंटच्या आणि गुरखा जवानांनी. नेहरूंनी त्याचा जाहीर निषेध केला होता. थोडक्यात काय, त्या भूमीवर गनिमी कावा आणि हिंदी शिपाई यांची पहिली गाठ पडली तेव्हा आपला शिपाई गनिमाच्या बाजूला नव्हता, समोर होता. माझ्या भाषणात हे कुठून असणार?

यो दुसऱ्या दिवशी होता. पहाटेपासून मावशी, त्यांच्या सुना आणि शेजारणी स्वयंपाकाला लागल्या होत्या. अहो, श्राद्धाच्या दिवशी घरात जी एक ओळखीची लगबग असते, तीच. ज्याला जे आवडायचं ते करायचं, आधी पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे ठेवायचं, उदबत्ती जळेपर्यंत थांबायचं, मग सगळ्यांनी जेवायचं. कावळ्याची वाट मात्र पाहत नाहीत.

देव्हाऱ्यावर दोन फोटो होते. एक मित्राच्या वडिलांचा, सूट-टायमधला, सॅन होजेत काढलेला. दुसरा एका म्हाताऱ्याचा, छातीवर पदकं लावलेली. पदकांवर लाल रंग आणि पिवळी चांदणी. मी मित्राकडे पाहिलं.

"ते माझे मोठे काका," तो म्हणाला.

जिनिव्हा करारानंतर, १९५४ साली, देशाचे दोन भाग झाले. दक्षिणेतल्या व्हिएत मिन्हच्या लोकांना उत्तरेत जायला मुदत दिली गेली. मेकाँगच्या मुखाकडच्या काओ लान्ह भागासाठी ती शंभर दिवसांची होती. या कुटुंबाचं गाव त्याच भागात. मोठा भाऊ बावीस वर्षांचा, तो पोलिश जहाजातून उत्तरेला गेला. दोन वर्षांत निवडणुका होतील, मग परत येऊ, असं सांगून. धाकटा भाऊ तेव्हा चौदा वर्षांचा आणि मावशी अकराच्या. कराराची अंमलबजावणी बघायला एक आंतरराष्ट्रीय आयोग होता: कॅनडा, पोलंड आणि अध्यक्ष भारत. मावशींना धक्क्यावर जीपमधून आलेले हिंदी लष्करी अधिकारी आठवतात. गर्दीत उभ्या असलेल्या त्यांच्या आईने त्यातल्या एकाला हातवारे करून विचारलं होतं, पोरगा खरंच दोन वर्षांत येईल ना? त्याने मान हलवली. आपली मान. ती "हो" होती की "नाही", हे मावशींच्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि सत्तर वर्षांनी त्यांनी तो प्रश्न मला विचारला. मी काय सांगणार?

१९५६ च्या निवडणुका झाल्याच नाहीत. तो भाऊ परतला १९७५ साली, एकवीस वर्षांनी, जिंकलेल्या सैन्याबरोबर. आणि त्याच वर्षी धाकटा छावणीत गेला. मोठ्याने धाकट्यासाठी काही केलं का, करता आलं असतं का, हे त्या घरात कुणी बोलत नाही. छावणीत तीन वर्षांपेक्षा जास्त काढलेल्यांना अमेरिकेने पुढे एका खास कार्यक्रमाखाली येऊ दिलं, त्यातून १९९२ साली माझा मित्र आईवडिलांबरोबर सॅन होजेला आला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. दोघे भाऊ पुन्हा भेटले नाहीत. आता मावशींच्या देव्हाऱ्यावर शेजारी शेजारी बसले आहेत. "इथे भांडत नाहीत," मावशी म्हणाल्या आणि दोघांपुढे सारखाच भात वाढला.

जेवताना मित्राने माझी गंमत करायची म्हणून त्या गोष्टीचा विषय काढला. मावशींना सगळं भाषांतर करून सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मावशी हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्या राजाची खरी गोष्ट सांग." मग मी पन्हाळगड सांगितला. सिद्दी जौहरचा वेढा, जुलै १६६० ची पावसाची रात्र, आणि नेबापूरचा शिवा काशीद नावाचा नाभिक, जो महाराजांसारखा दिसायचा, महाराजांचा पोशाख घालून पालखीत बसला आणि शत्रूच्या हाती लागला. तोवर महाराज विशाळगडाच्या वाटेला लागले होते.

मित्र भाषांतर करता करता थांबला. मावशींनीच वाक्य पुरं केलं, "ले लाय."

काल ज्या बागेशी आम्ही उभे होतो तिच्या कडेने जातो तो रस्ता ले लाय. बेन थान्हच्या चौकाच्या दुसऱ्या अंगाला सुरू होतो तो ले लोइ. ले लोइने १४१८ साली लाम सोनच्या डोंगरात मिंग चिन्यांविरुद्ध बंड पुकारलं आणि दहा वर्षांत त्यांना देशाबाहेर घालवलं. त्याचीही एक दैवी तलवार होती; राज्य आल्यावर हनोईच्या तळ्यातल्या कासवाने ती परत मागून घेतली म्हणतात. बंडाच्या पहिल्या दिवसांत तो ची लिन्हच्या डोंगरावर वेढ्यात अडकला. परंपरा सांगते, की तेव्हा त्याचा सोबती ले लाय राजाचा पिवळा झगा घालून, हत्तीवर बसून मूठभर लोकांनिशी बाहेर पडला. चिन्यांनी तोच ले लोइ समजून पकडला आणि ठार केला. खरा ले लोइ निसटला. राजा झाल्यावर तो ले लायला विसरला नाही. मरताना त्याने सांगून ठेवलं, की माझ्या तिथीच्या आदल्या दिवशी आधी त्याची तिथी करायची. आजही आठव्या चांद्र महिन्याच्या एकविसाव्या दिवशी ले लाय आणि बाविसाव्या दिवशी ले लोइ, अशी लोकांच्या तोंडी म्हणच आहे.

शिवा काशीदच्या दोनशे चाळीस वर्षं आधी. कुणी कुणाचं चरित्र वाचलं नव्हतं.

मावशींनी मग एक साधा प्रश्न विचारला, आणि मित्राने तो जसाच्या तसा सांगितला: "तुमच्या त्या माणसाचा यो कधी असतो? त्या दिवशी काय रांधतात?"

मला तिथी माहीत नव्हती. इंग्रजी महिना आणि सन माहीत होता, तेवढ्यावर मी भाषणं करीत आलो होतो. त्या रात्री कोल्हापूरच्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, पन्हाळ्याच्या पायथ्याशी समाधी आहे की त्यांची. तुम्ही बारा वेळा पन्हाळ्याला आलात, मी दर वेळी दाखवू का विचारलं, आणि तुम्ही दर वेळी म्हणालात, उशीर होतोय, वर झुणका-भाकर गार होईल." मी विचारलं, तिथी कोणती? "आषाढात," तो म्हणाला. "पाऊस असतो. या ना एकदा."

मावशींना सकाळी सांगितलं, पावसाळ्यात असतो. त्यांनी मान हलवली, त्यांचीही आठव्या महिन्यातली तिथी पावसातच येते. मग म्हणाल्या, दिवस नक्की करून कळव, मी उदबत्ती लावीन.